काच आहे ती, तवा नाही!

आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि त्याच पाण्याने भर उन्हात खिडक्या अन् जीपच्या काचा धुतात! पाइप धरला, फवारा मारला, झालं. पुसायचं कोणी? पाणी उडून जातं, क्षार कुठे जाणार? काचेवर थेंबाथेंबाची पांढरी कडी उमटतात, मधे धूसर, कडेला जाड. बोट फिरवलं की खरखरीत लागतं.

मग सुरू होतं घासणं. तारेची घासणी! राख! अरे, भांडी घासताय का? मागच्या दिवाळीत जीपच्या समोरच्या काचेवर असे ओरखडे पाडून ठेवले की रात्री समोरून ट्रक आला की डोळ्यांपुढे नुसता उजेडाचा जाळ. जीव जाईल एखाद्याचा!

किती वेळा सांगायचं? नुसतं मीठ साध्या पाण्यानेही निघतं. चिवट असतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर, त्याला आंबटच लागतं. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये नाहीतर लिंबाच्या रसात फडकं भिजवा, दहा मिनिटं डागावर चिकटवून ठेवा, मऊ कापडाने पुसा, साठवलेल्या पावसाच्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा. लगेच! तिथल्या तिथे!

"मंग पुसतो ना भाऊ." हे 'मंग' उगवतं कधी? आजही बाराच्या उन्हात पोट्टा पाइप घेऊन निघालाच.