सातबाऱ्यावर आहे, मोजणीत नाही

‘कोकणातली गावं चाकरमान्यांनी ओस पाडली’ हा शोध दर उन्हाळ्यात कुणीतरी नव्याने लावतं. यंदा त्याला जपानची फोडणी होती. तिकडे बघा, खेड्यातली माणसं कशी मातीला धरून आहेत, आणि आमचे लोक नालासोपाऱ्याच्या खोलीसाठी कलमं सोडून पळतात! मी तोक्योत राहतो आणि घर दापोली तालुक्यात, त्यामुळे दोन्हीकडून मलाच लागलं.

आधी जपानचं घेऊ. होक्काइदो बेटावरचं युबारी शहर १९६० साली एक लाख सतरा हजारांच्या घरात होतं. कोळशाच्या खाणी बंद झाल्या, २००७ मध्ये नगरपालिकेचं दिवाळं वाजलं, आज तिथे सात हजार माणसंही नाहीत. २०२३ च्या पाहणीत देशभरात ९० लाख घरं रिकामी निघाली. वारस सापडत नाहीत म्हणून २०२४ पासून वारसनोंद सक्तीची केली, न करणाऱ्याला दंड. रानडुकरं आणि माकडं इथेही शेतात उतरतात. मातीला धरून बसलेत ते बहुतेक म्हातारे, कारण त्यांची उठून जायची वेळ टळून गेली. आमच्या वाडीत याहून वेगळं काय आहे?

रत्नागिरी जिल्ह्यात २००१ ला सुमारे १६ लाख ९७ हजार लोक होते, २०११ ला १६ लाख १५ हजार. हजार पुरुषांमागे ११२२ बाया. गिरण्या होत्या तेव्हा एकटा पुरुष जायचा आणि बायकामुलं गावी राहायची. आता अख्खं बिऱ्हाड उठतं. मग शाळेचा पट घटतो, वीसच्या खाली गेला की शाळा चालवायची की जोडायची यावर वाद. तो वाद करणाऱ्यांची मुलं कुठे शिकतात, हे विचारायचं नसतं.

सगळ्यात चीड येते ती ‘गेले ते गेले, गाव गरीब करून गेले’ या वाक्याची. दरडोई उत्पन्न हा भागाकार आहे. माणसं गेली की छेद लहान होतो आणि आंब्याकाजूत एक रुपया वाढला नाही तरी आकडा चढतो. उलट चाकरमान्याचा पैसा मुंबईत कमावलेला, म्हणून तो जिल्ह्याच्या उत्पन्नात धरतच नाहीत. घराचे चिरे, विहिरीवरचा पंप, देवळाचा सभामंडप, आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन हे सगळं त्या न धरलेल्या पैशातून झालं. हिशेब असा मांडायचा आणि वर आम्हालाच बोल लावायचे!

इथे जपानात निदान एक सोय आहे. २००८ पासून फुरुसातो नोझेई सुरू झालं, म्हणजे कराचा काही भाग आपल्या पसंतीच्या गावाला देता येतो. महाराष्ट्रात असं असतं तर ठाणे-विरारमधून किती गावं उभी राहिली असती! मी स्वतः दरवर्षी युबारीला देतो. बदल्यात भेट म्हणून तिथली खरबुजं येतात म्हणून देतो, हेही सांगून टाकतो. हेतू गावं जगवायचा होता, पण लोक खेकडा आणि मांस बघून गाव निवडतात. मी युबारी पाहिलेलं नाही. तरी तिथला पाऊस लांबला की मला काळजी वाटते, आणि दापोलीत मोहोर गळाल्याचं मला आठवडाभराने कळतं.

आमच्याकडे कलमांची राखण आता नेपाळहून आलेली माणसं करतात. मचाणावर रात्र काढतात, झाडन् झाड ओळखतात, पण गावकीत त्यांना कोण बसवतो? त्यांच्यावर लिहायला मी कोण, जपानात मीही तसाच बाहेरचा आहे. फरक एवढाच की २०१२ पासून परदेशी माणसाचंही नाव इथल्या रहिवासी नोंदीत चढतं. दरवर्षी इथले लाखो लोक घटतात, त्यात कुयाकुशोला, म्हणजे वॉर्ड कचेरीला, माझ्यासारखा एकेक हवाच असतो. कोकुसेई चोसा, म्हणजे इथल्या जनगणनेचा फॉर्म, मी फोनवरच भरून टाकला, दहा मिनिटांत.

गावच्या सातबाऱ्यावर मी अजून आहे, चुलत्यांच्या लांबलचक रांगेत शेवटाकडे. २०२७ च्या जनगणनेचा विषय निघाला तेव्हा दादा फोनवर म्हणाला, ‘घरात किती जण विचारलं तर तुला धरून सांगतो.’ नियमाने मला धरता येत नाही. मी त्याला ते सांगितलं नाही.