रूटखालचा भागाकार आणि ती फॉरवर्ड होणारी ट्रिक

सांगलीत बारावीच्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय आणि काल विश्रामबागेत माझ्याकडं येणाऱ्या तिघांच्या वहीत तेच दिसलं म्हणून लिहितेय. मेसेज म्हणतो, रूटखाली (वर्गमुळात) भागाकार आला की रूट वर-खाली वेगळं करा, दोन्हीची डेरिव्हेटिव्ह (म्हणजे आलेखाचा त्या जागचा उतार) काढून एकमेकांनी भागा, सिम्प्लिफाय करत बसू नका.

आधी मधलं, म्हणजे डेरिव्हेटिव्हना डेरिव्हेटिव्हनं भागणं, घेते, सगळ्यात जास्त मार्क त्यानंच जाणारेत. वाय = √((१−एक्स)/(१+एक्स)) घ्या. ट्रिकनं येतं −√((१+एक्स)/(१−एक्स)). मेसेजात पडताळा एक्स = ० टाकून दिलाय, खऱ्या डेरिव्हेटिव्हची किंमतही तिथं −१ आणि ट्रिकचीही −१, मग पोरांना पटणारच की! पण तो निव्वळ योगायोग आहे. एक्स = ०.६ टाका, वाय ०.५ येतो, ०.६१ ला साधारण ०.४९२२, म्हणजे उतार −०.७८ च्या आसपास, आणि ट्रिक सांगते −२. इतका फरक!

नीट करायचं तर चेन रूल (आधी बाहेरच्या रूटची डेरिव्हेटिव्ह, मग गुणिले आतल्याची), आतल्या भागाकाराला क्वोशंट रूल (भागाकाराच्या डेरिव्हेटिव्हचा नियम), आतलं −२/(१+एक्स)² येतं, २ ला २ कटतो आणि राहतं −१/((१+एक्स)√(१−एक्स²)). चारच ओळी आहेत हो.

रूट वेगळं करणं चालतं, पण वरचं-खालचं दोन्ही पॉझिटिव्ह असेल तरच. √((एक्स−१)/(एक्स+१)) मध्ये एक्स = −५/३ टाका, वर-खाली दोन्ही निगेटिव्ह, तरी भागाकार ४ आणि वाय २. इथं वेगळं केलं तर निगेटिव्हचं रूट घेत बसाल. आणि बरीच पोरं उत्तर १/((एक्स+१)√(एक्स²−१)) लिहितात, त्यात ही किंमत टाकली की −९/८ येतं, खरं उत्तर +९/८ आहे. एक्स+१ ला मॉड्युलस (उणे चिन्ह काढून घेतलेली किंमत) लावायचा राहून जातो, बाकी काही नाही.

सिम्प्लिफाय करू नका हे तर अजिबात ऐकू नका. सीईटीत ऑप्शन आटोपशीर रूपातच असतात. पहिल्याच उदाहरणात लॉग घेऊन बघा, (१−एक्स²) गुणिले डीवाय बाय डीएक्स, अधिक वाय, बरोबर शून्य, रूट दिसतच नाही. ‘सिद्ध करा’मध्ये हेच विचारतात.

मेसेज ज्यानं पाठवला त्याला एक्स = ०.६ चं गणित तेवढं परत पाठवा.