जुन्या खुनाचा छडा डीएनएने लागतो, मुद्देमाल शाबूत असेल तर

मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर वारंवार फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेत एका केसावरून चाळीस वर्षांपूर्वीचा खुनी धरला, रक्ताचा एक थेंब पुरतो, डीएनए तपासणी आता दीड तासात होते, गावातल्या सगळ्या पुरुषांचे नमुने घ्या, डीएनए जुळला की फाशी, म्हणजे आपल्याकडे विहिरीत नि उसाच्या फडात सापडलेल्या मृतदेहांचे जुने गुन्हे आठ दिवसांत उघड होतील, अडलंय ते फक्त पोलिसांच्या इच्छेवर.

यातली आशा खरी आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे खून डीएनएमुळे उघड झाले आहेत आणि पुढेही होतील. पण मजकुरातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीच्या दाराकडे बोट दाखवतं. ज्या घरातलं माणूस मारलं गेलं, ते घर नव्या यंत्राची वाट बघत बसतं आणि तेवढ्यात ठाण्यातला मुद्देमाल नष्ट होतो. म्हणून एकेक दावा तपासून घेऊ.

दावा : ‘अमेरिकेत एका केसावरून खुनी सापडला, तसाच इथेही सापडेल.’

हा संदर्भ ‘गोल्डन स्टेट किलर’ प्रकरणाचा. कॅलिफोर्नियातला माजी पोलीस जोसेफ डीअँजेलो एप्रिल २०१८ मध्ये पकडला गेला. २०२० मध्ये त्याने १३ खुनांचा गुन्हा कबूल केला आणि त्याला जन्मठेप झाली. तो केसावरून सापडला नाही. व्हेंचुरा काउंटीतल्या १९८० च्या दुहेरी खुनात घेतलेला वीर्याचा नमुना तिथे गोठवून राखून ठेवला होता, आणि त्यात डीएनए भरपूर होता. त्यावरून लाखो जनुकीय खुणा वाचल्या. ती माहिती जीईडीमॅच या वंशावळ शोधणाऱ्यांच्या खुल्या संकेतस्थळावर टाकल्यावर काही दूरचे नातेवाईक निघाले. त्यांच्या पूर्वजांपासून खाली वंशवृक्ष बांधत, वय आणि वास्तव्यावरून नावं गाळत तपास एका माणसापर्यंत आला. मग त्याच्या गाडीच्या दाराची मूठ आणि कचऱ्यातला टिश्यू पेपर यांवरचा डीएनए ताडून पाहिला. मुळाशिवायच्या केसातूनही आता अशा खुणा वाचता येतात, पण ते काम जगातल्या मोजक्याच प्रयोगशाळा करतात.

ही पद्धत मराठवाड्यात जशीच्या तशी चालत नाही. पहिलं कारण उघड आहे: त्या संकेतस्थळांवर प्रामुख्याने युरोपीय वंशाचे अमेरिकी लोक आहेत, आपली माणसं फार थोडी. दुसरं कारण जास्त खोल आहे. ज्यांचे खापरपणजोबा एक, अशा दोन नातेवाइकांत सरासरी एक टक्क्याहूनही कमी डीएनए सामाईक असतो, आणि तो एकाच वाटेने आला असं धरून नातं मोजलं जातं. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या जातीतच सोयरीक होते, मामाची मुलगी केली जाते. त्यामुळे एकाच समाजातल्या दोन माणसांत बारीक तुकडे अनेक वाटांनी सामाईक झालेले असतात. लांबचा माणूस जवळचा दिसतो आणि वंशवृक्ष चुकीच्या फांदीवर चढतो.

शिवाय वृक्ष बांधायला कागद लागतात. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून मराठवाड्याने हे अनुभवलंच आहे: खासरा पाहणी, गाव नमुना १४, निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद, कुठे आहेत, कुठे वाळवीने खाल्ले. जे आहेत त्यांत बापाची बाजू सापडते. लेक सासरी गेली की बहुतेक कागदांतून तिचा माग तुटतो. या पद्धतीला दोन्ही बाजू लागतात.

दावा : ‘रक्ताचा एक थेंब पुरतो.’

ताज्या, कोरड्या थेंबात गरजेपेक्षा कितीतरी जास्त डीएनए असतो, हे बरोबर. नेहमीच्या तपासणीला अर्धा ते एक नॅनोग्रॅम लागतो. एक नॅनोग्रॅम म्हणजे साधारण दीडशे पेशींमधला डीएनए. एक दशांश नॅनोग्रॅमच्या खाली गेलं की खुणा गळायला लागतात आणि नसलेल्या खुणा दिसू लागतात. पण जुन्या गुन्ह्यात डीएनए किती आहे यापेक्षा तो किती तुटला आहे, हे आधी बघावं लागतं. प्रयोगशाळा वीसेक ठिकाणांवरचे तुकडे वाचते, त्यांची लांबी साधारण १०० ते ४५० अक्षरांची. डीएनए तुटला की लांब तुकडे आधी जातात आणि अहवालात वीसऐवजी सात-आठच जागा भरतात. तेवढ्यावर एखाद्याला वगळता येतं, पण गुंतवण्याचा पुरावा पूर्ण अहवालाइतका भक्कम राहत नाही. नव्या किटमध्ये हेच तुकडे आखूड केले आहेत. जुन्या प्रकरणांत खरी प्रगती झाली ती इथे.

तो तुटतो कशाने? ओलाव्याने, मग उष्णतेने. ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सील केला की बुरशी आणि जिवाणू काही दिवसांतच काम उरकतात. तोच कपडा सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवला, तर पत्र्याच्या खोलीतही तो वर्षानुवर्षं टिकू शकतो. परभणी-नांदेडच्या ४३-४४ अंशांच्या उन्हाळ्यापेक्षा गळक्या छताचा एक पावसाळा जास्त नुकसान करतो. काळ्या मातीने माखलेल्या वस्तूत आणखी एक अडचण असते: चिकणमाती डीएनए धरून ठेवते आणि मातीतले ह्युमिक घटक प्रयोगशाळेतली डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रिया रोखतात. जीन्सच्या कापडातला निळा रंगही तेच करतो. नमुना धुऊन, विरळ करून पुन्हा चालवला तर अशा वस्तूतूनही निकाल येऊ शकतो. म्हणून ‘निकाल आला नाही’ आणि ‘डीएनए नाही’ हे एक धरू नये.

ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या मुद्देमालाची आणखी एक गोष्ट. त्या वेळी सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) रक्तगटापुरता असे, आणि त्यासाठी डागाचा तुकडा कापला जाई. आज तो कपडा उघडला तर डागाच्या जागी भोक दिसतं. तरी भोकाच्या कडेचे धागे, शिवणीची दुमड, कॉलरची आतली बाजू तपासण्यासारखी असते. कुऱ्हाड, कत्ती, विळा असेल तर पातं दांड्यात बसतं तो सांधा उघडायला सांगावा. वरून पुसलेलं रक्त तिथे मुरलेलं असतं. बलात्काराच्या गुन्ह्यात रुग्णालयाने केलेल्या काचपट्ट्या सगळ्यांत मोलाच्या. शुक्रजंतूचं डोकं फार चिवट असतं, त्यातला डीएनए घट्ट गुंडाळलेला असतो, आणि दशकांपूर्वीच्या पट्टीवरूनही तो वेगळा काढता येतो. अशी पट्टी ठाण्यात नसेल तर रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागात विचारावं. फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या ऊतींच्या तुकड्यांकडून मात्र फार आशा धरू नये.

जुना मुद्देमाल उघड्या हातांनी हाताळला गेलेला असतो. हवालदार, पंच, डॉक्टर, वकील, सगळ्यांनी. त्यामुळे त्यावर सापडलेल्या नुसत्या स्पर्शाच्या डीएनएला किंमत नाही. रक्त आणि वीर्य यांनाच आहे.

दावा : ‘आता दीड तासात निकाल.’

जलद डीएनए यंत्रं आहेत आणि सुमारे ९० मिनिटांत निकाल देतात. ती मुख्यतः गालाच्या आतून घेतलेल्या ताज्या नमुन्यासाठी बनवली आहेत. कुजलेलं हाड किंवा मिसळलेला डाग त्यांत घालणं म्हणजे उरलासुरला नमुना एका फेरीत संपवणं. मांडीचं हाड किंवा दाढ असेल तर वरचा थर खरवडणं, भुकटी करणं, त्यातलं कॅल्शियम काढून टाकणं यातच दिवस जातात.

आणि निकाल आल्यावर तो ताडायचा कशाशी? अमेरिकेत, इंग्लंडमध्ये गुन्हेगारांच्या डीएनए नोंदींचा राष्ट्रीय साठा आहे. आपल्याकडे तसा साठा उभारणारं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं आणि २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. २०२२ च्या गुन्हेगार ओळख कायद्याने जैविक नमुने घेता येतात, पण ते वीस-तीस वर्षांपूर्वीच्या गुन्हेगारांना मागे जाऊन लागू पडत नाही. म्हणजे जुन्या गुन्ह्यात अजूनही आधी संशयिताचं नाव लागतं. ते नाव साक्षीदार, फोन, पैसा, वैर यांतून येतं. पोलिसी तपासाला इथे पर्याय नाही.

दावा : ‘गावातल्या सगळ्या पुरुषांचे नमुने घ्या.’

इंग्लंडमध्ये १९८७ मध्ये हे करून झालं आहे. लेस्टरशायरमधल्या दोन मुलींच्या खुनात जवळपास पाच हजार पुरुषांचे नमुने घेतले. खुनी कॉलिन पिचफोर्क त्यात सापडला नाही, कारण त्याने सहकाऱ्याला आपल्या नावाने रक्त द्यायला पाठवलं होतं. हे बोलणं पबमध्ये कुणीतरी ऐकलं आणि तो धरला गेला. त्याच प्रकरणात, खुनाची कबुली दिलेला एक तरुण डीएनएमुळे निर्दोष ठरला. फिरत्या मजकुरात ही बाजू कधीच नसते. आपल्याकडे अटक केलेल्याचा नमुना घेण्याची कायद्यात सोय आहे, अख्ख्या गावाला रांगेत उभं करण्याची नाही.

गावपातळीवर सगळ्यांत मोठी चूक होते ती फक्त पुरुषांत असणाऱ्या वाय गुणसूत्राच्या तपासणीत. वीर्य थोडं आणि स्त्रीच्या पेशी जास्त असतील तेव्हा ही तपासणी उपयोगी पडते. पण वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. भाऊ, चुलते, चुलतभाऊ, अख्खी भाऊकी एकच. एका आडनावाची शंभर घरं असलेल्या गावात ‘वाय जुळला’ याचा अर्थ ‘या भाऊकीतला कुणीतरी’ एवढाच. त्यावरून एका माणसाचं नाव घेणं हा अन्याय आहे. आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएचंही तसंच: एका आईची सगळी लेकरं सारखी.

दावा : ‘डीएनए जुळला की फाशी.’

जर्मनीत एकाच अज्ञात बाईचा डीएनए सुमारे चाळीस गुन्ह्यांच्या ठिकाणी सापडत होता. २००९ मध्ये कळलं की तो नमुने घेण्याच्या कापसाच्या काड्या भरणाऱ्या कारखान्यातल्या कामगार बाईचा होता. आपल्याकडे दिल्लीच्या छावला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तिघा आरोपींना सोडलं. नमुने पाठवण्यापूर्वी मालखान्यात, म्हणजे ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत, पडून होते आणि डीएनए निष्कर्षाचा आधार खालच्या न्यायालयांनी तपासलाच नव्हता, ही त्यातली दोन कारणं. जुलै २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने सांगितलं की नमुना घेतल्यापासून ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा आणि तो कुणाच्या हातून कुणाकडे गेला याची अखंड नोंद असावी. जुन्या मुद्देमालाची ही साखळी मुद्देमाल रजिस्टर, लाखेचं सील आणि पंचनाम्यातलं वर्णन एकमेकांशी जुळतं का, यावर ठरते. तिथे तफावत असेल तर उत्तम अहवालही कोर्टात पडतो.

जो आरोपी खटल्यात निर्दोष सुटला आणि ज्याच्या सुटकेवर शिक्कामोर्तब झालं, त्याला नव्या डीएनए अहवालावरून त्याच गुन्ह्यात पुन्हा उभं करता येत नाही. इंग्लंडने २००३ च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांपुरता तसा मार्ग उघडला. आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम ३३७ अशा दुसऱ्या खटल्याला मनाई करतं.

दावा : ‘पोलिसांची इच्छा नाही, एवढंच.’

कधी इच्छा नसते, हे मान्य. पण ‘अ’ समरीत, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही म्हणून, बंद झालेला खून पुन्हा उघडण्यासाठी नातेवाइकांच्या हाती बरंच काही आहे. खुनाला मुदतीचं बंधन नाही. आधी गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष मिळवा. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळा जिल्हा झाला. त्याआधीचे कागद औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), उस्मानाबाद (आताचं धाराशिव) किंवा परभणीच्या दप्तरात असू शकतात. कोर्टातून फिर्याद, घटनास्थळ आणि इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, सीए रिपोर्ट आणि समरीचा आदेश यांच्या नकला घ्या. समरीच्या आदेशात मुद्देमालाचं काय करायचं हे लिहिलं आहे का, ते आधी वाचा. मग मुद्देमाल नंबर टाकून पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या: वस्तू शिल्लक आहेत का ते कळवा, आणि नष्ट करू नका. पोहोच घ्या. वस्तू शिल्लक असल्या तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(९) खाली पुढील तपासाची मागणी करा आणि कोणत्या वस्तूवर, कोणत्या जागी तपासणी हवी ते नेमकं लिहा. वस्तू पाहायला मिळाल्या तरी सील स्वतः उघडू नका, हात लावू नका.

मृतदेहाची ओळखच पटली नसेल तर दहन झालेल्या राखेतून काही मिळत नाही. दफन झालं असेल तर दाढ आणि मांडीचं हाड मिळतं, पण त्यासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. ताडायला आईवडिलांचा नमुना सर्वांत चांगला, नाहीतर लेकरांचा. नुसत्या भावंडांवरून निष्कर्ष कमकुवत राहतो. आई म्हातारी असेल तर तिचं रक्त डॉक्टर आणि तपास अधिकाऱ्यासमोर, पंचनामा करून, एफटीए कार्डावर (रक्ताचा डाग वाळवून जपायच्या खास कागदावर) आताच घ्यायला लावा. वाळलेलं कार्ड साध्या तापमानाला वर्षानुवर्षं टिकतं. घरी स्वतःच काढून पुडीत ठेवलेले केस किंवा नखं कोर्टात चालत नाहीत.