आधी गोळ्या मोजा, मीठ-पाणी पाजू नका

आमच्या चिकू कुत्र्याचं वजन 14 किलो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री बाबांच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट दिवाणाखाली सापडलं, चावून चावून चोथा झालेलं. आयबुप्रोफेन, 400 मिलिग्रॅम. आत सहा गोळ्या शिल्लक होत्या, हे बाबांना पक्कं आठवत होतं. चिकू मात्र शेपूट हलवत समोर उभा, जणू काही झालंच नाही.

शेजारच्या काकू धावत आल्या त्या मिठाचं पाणी घेऊनच. "पाज पटकन, उलटी होईल." त्यांची माया खरी होती, पण मी पाजलं नाही आणि तुम्हीही कधी पाजू नका. एवढं मीठ पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात, म्हणजे एका विषावर दुसरं विष. दूध पाजूनही गोळीचा असर उतरत नाही. घशात बोटं घालणं तर नकोच.

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी चारच गोष्टी विचारल्या: कुठलं औषध, किती मिलिग्रॅमचं, किती गोळ्या, कुत्र्याचं वजन किती. चौथं उत्तर तयार होतं, तिसऱ्यासाठी आम्ही तिघं टॉर्च घेऊन फरशीवर पालथे पडलो. सोफ्याच्या पायाशी एक गोळी मिळाली, ओली, वरचा रंग चाटून गेलेली. म्हणजे पोटात पाच. किलोमागे साधारण 143 मिलिग्रॅम. सहा असत्या तर 171. कुत्र्यांत 50 च्या पुढे, कधी त्याआधीच, पोटात जखमा होऊ लागतात आणि 175 च्या आसपास किडनी धोक्यात येते. त्या एका गोळीचं मोल तेव्हा कळलं.

दवाखान्यात इंजेक्शन देऊन उलटी करवली. तासाभराच्या आत पोहोचल्यामुळे बरंचसं औषध बाहेर आलं. मग औषधी काळा कोळसा (अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल) पाजला, दोन दिवस सलाईन चालू ठेवलं आणि किडनीसाठी पुन्हा पुन्हा रक्त तपासलं. कुत्रा गुंगीत असेल किंवा झटके येत असतील तर उलटी करवत नाहीत, कारण ती फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून तो ठणठणीत दिसतो तेव्हाच निघायचं असतं. "सकाळपर्यंत बघू" म्हणालात की उलटी करवण्याची वेळ हातची गेली.

आणि सगळी औषधं सारखी नसतात. घरात कुणाला टीबीचे उपचार चालू असतील तर त्यातल्या आयसोनियाझिडला फार जपा. कुत्र्याला त्याने तासा-दोन तासांत झटके येऊ शकतात. उतारा आहे, बी-6 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, पण औषधाचं नाव कळलं तरच डॉक्टर ते देतील. मांजर असेल तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जिवावर बेतते.

आणखी एक, जे मनाला फार लागतं. कुत्रा लंगडतोय म्हणून माणसाची गोळी आपणच देतो आणि दवाखान्यात लाजेपोटी ते सांगत नाही. सांगा हो. डॉक्टर रागावले तरी चालेल.

चिकू बरा आहे. त्याचं ताजं वजन आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आईने फ्रिजच्या दारावर चिकटवलाय. बाबा रोज रात्री गोळी घेतली की कपाटाची कडी दोनदा ओढून बघतात.