हॅम्लेटला दोषी ठरवायची एवढी घाई कशाला?

इंग्रजीच्या वर्गात शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' सुरू झालं की पहिल्या काही तासांतच एक प्रश्न मुलांच्या वहीत उतरतो: हॅम्लेट सूड घ्यायला उशीर का करतो? उत्तरही तयारच असतं. अतिविचारी, धरसोड वृत्तीचा, हातून काही न होणारा. हाच त्याचा स्वभावदोष आणि त्यातूनच शोकांतिका. मी वर्षानुवर्षं हे नाटक शिकवते आणि या प्रश्नावर माझा मनापासून राग आहे. डेन्मार्कच्या या राजपुत्राला मेलेल्या बापाचं भूत सांगतं, माझा खून माझ्याच भावानं, आता राजा झालेल्या क्लॉडिअसनं केला आणि तुझ्या आईशी लग्न केलं, त्याचा सूड घे. हा प्रश्न विचारतानाच आपण गृहीत धरतो की भुतानं सांगितल्याबरोबर काकाला मारणं हेच योग्य होतं.

सांगतंय कोण, ते तरी बघा. मध्यरात्री किल्ल्याच्या तटावर आलेलं एक भूत. हॅम्लेट शिकायला होता जर्मनीतल्या विटेनबर्गला, म्हणजे मार्टिन ल्यूथर या धर्मगुरूनं 1517 मध्ये ज्या गावातून ख्रिस्ती धर्मसुधारणेला तोंड फोडलं तिथे. पापं जळून जाईपर्यंत मृतात्मे मधल्या एका जागी यातना भोगतात, ही समजूत त्या नव्या प्रॉटेस्टंट पंथानं मोडीत काढली होती, इंग्लंडच्या चर्चनंसुद्धा. आणि हे भूत तर आपण तशाच यातना भोगतोय असं सांगतं! मग हा खरंच बाप की बापाच्या रूपात आलेला सैतान? ही शंका हॅम्लेट दुसऱ्या अंकाच्या शेवटी स्वतःच बोलून दाखवतो. म्हणून तो नटांकडून राजासमोर तसाच खून करून दाखवायचं ठरवतो, आणि मित्र होरेशिओला सांगतो, तूही राजाच्या चेहऱ्यावर नजर ठेव. आपल्या एकट्याच्या डोळ्यांवर त्याची भिस्त नाही, त्याला दुसरा साक्षीदार हवाय. एखाद्याचा जीव घेण्याआधी पुरावा मागणाऱ्याला नाकर्ता म्हणायला आपण मुलांना का शिकवतो?

1600 च्या आसपास लंडनमध्ये हे नाटक बघणाऱ्यांना सूडनाट्य नवं नव्हतं. थॉमस किडच्या 'स्पॅनिश ट्रॅजेडी'त भूत होतं, वेड होतं, नाटकातलं नाटक होतं आणि शेवटी प्रेतांचा खच होता. त्यात मुलाच्या खुनाचा सूड घेणारा बाप स्वतः न्यायाधीश आहे, इतरांना न्याय देतो आणि त्याला मात्र राजदरबारात दाद मिळत नाही. शेक्सपिअरनं हा सगळा साचा उचलला आणि त्याच्या मधोमध विचार करणारा माणूस उभा केला. त्याचं विचार करणं हेच तर या नाटकातलं नवेपण, आणि आपण तेच दोषाच्या रकान्यात टाकतो.

आता तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश. हा घाईघाईनं उरकू नये अशी माझी प्रत्येक शिक्षकाला विनंती आहे. गुन्हा सिद्ध झालाय. क्लॉडिअस एकटाच गुडघे टेकून बसलाय आणि देवाला विचारतोय की ज्यासाठी खून केला तो मुकुट आणि ती राणी जवळ ठेवून मला क्षमा मिळेल का? स्वतःलाच उत्तरही देतो: नाही. मागे हॅम्लेट तलवार उपसून उभा. आणि तो थांबतो. दया येऊन नाही. प्रार्थना करताना मारला तर हा स्वर्गात जाईल, त्यापेक्षा पापात बुडालेला असताना गाठू, म्हणजे थेट नरकात जाईल, असा हिशेब करून थांबतो. इथे मी त्याची बाजू घेत नाही. त्याला आता नुसता न्याय नकोय, त्या माणसाचा परलोकही हवाय. तो निघून गेल्यावर क्लॉडिअस उठतो आणि म्हणतो, शब्द वर गेले, मन खालीच राहिलं. म्हणजे प्रार्थना झालीच नव्हती! हॅम्लेटनं त्याच क्षणी वार केला असता तर त्याला हवं ते सगळं मिळालं असतं. हे फक्त प्रेक्षकाला कळतं.

लगेच पुढच्या प्रवेशात, आईच्या दालनात, पडद्याआडून आवाज येतो आणि हॅम्लेट क्षणाचाही विचार न करता तलवार खुपसतो. राजाचा सल्लागार पोलोनिअस मरतो. 'विचार सोड आणि कर' हा सल्ला त्यानं इथे पाळला, आणि भलताच माणूस मेला. आता तोही कुणाच्या तरी बापाचा मारेकरी झाला.

पोलोनिअसचा मुलगा लेआर्टीस फ्रान्सहून तडक येतो, माणसं गोळा करून राजवाड्यात घुसतो. हॅम्लेट चर्चमध्ये सापडला तरी गळा कापीन म्हणतो. उशीर नाही, शंका नाही. अशा माणसाला क्लॉडिअस काही वेळातच आपल्या बाजूला वळवतो, आणि तलवारीच्या टोकाला लावायचं विष लेआर्टीस स्वतःच पुरवतो. आज एखादी बातमी आली की चौकशीआधीच फाशी मागणारे संदेश फिरायला लागतात, तेव्हा मला हॅम्लेट नाही, हा लेआर्टीस आठवतो. तो वाईट नाही, दुःखात आहे, खरंच संतापलाय. म्हणूनच त्याला वापरून घेणं सोपं जातं.

ओफिलिया ही लेआर्टीसची बहीण. वर्गातल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, "मॅडम, वडील तर ओफिलियाचेही मारले गेले ना? मग तिनं सूड का घेतला नाही, असं कुणीच कसं विचारत नाही?" त्या तासाला पुढे दुसरं काही झालंच नाही, आणि मला ते होऊ द्यायचंही नव्हतं. लेआर्टीसच्या मागे जमाव जातो. ओफिलियाच्या हातात फुलं आहेत आणि तोंडात तुटक गाणी. ती दरबारात रोझमेरी आठवणीसाठी म्हणून देते, रू पश्चात्तापासाठी. ऐकणारे तिला वेडी म्हणतात, पण त्या दरबाराला नेमकं काय हवं होतं ते तीच वाटत फिरतेय. आपल्या नोट्समध्ये तिच्या वाट्याला अर्धं पान येतं, 'निष्पाप, आज्ञाधारक, दुर्दैवी'.

नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास, त्याला तर तेवढंही मिळत नाही. त्याचा बाप हॅम्लेटच्या बापानं द्वंद्वात मारलेला. तोही सैन्य जमवतो, पण काकानं खडसावल्यावर डेन्मार्कवर शस्त्र उचलणार नाही असं वचन देतो. संत वगैरे नाही तो, पोलंडमधल्या जमिनीच्या एका फालतू तुकड्यासाठी हजारोंना मरायला नेतो. पण बापाचा सूड सोडणारा तोच, आणि शेवटी डेन्मार्कचं सिंहासन मिळतं तेही त्यालाच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की परीक्षेतला तो जुना प्रश्न बदला. बाप गमावलेल्या या चौघांना शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येकानं त्या दुःखाचं काय केलं ते मुलांना लिहू द्या. उत्तरं एकसारखी येणार नाहीत, तपासायला वेळ लागेल. तो वेळ आम्ही काढू.