‘रात्री 1 ते 3 लिव्हरची पाळी’ : नोबेलच्या नावावर खपवलेले वेळापत्रक

निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत व्हॉट्सॲपचा ग्रुप भजनी मंडळाचा असो की ऊसवाल्यांचा, एक वेळापत्रक फिरतच असते. रात्री 11 ते 1 पित्ताशय, 1 ते 3 यकृत, पहाटे 3 ते 5 फुप्फुसे, 5 ते 7 मोठे आतडे. ज्याची पाळी त्याचेच काम, आणि तेव्हा तुम्ही जागे राहिलात तर तो अवयव गेलाच म्हणून समजा! खाली पुरावे तीन: आयुर्वेदात सांगितले आहे, 2017 च्या नोबेलने सिद्ध केले, आणि पशुपक्षी आजही तंतोतंत पाळतात.

आयुर्वेदाचे लवकर आटोपते. वाग्भटांनी दिवसाचे आणि रात्रीचे कफ, पित्त, वात असे तीन-तीन भाग केले. अवयवांच्या दोन-दोन तासांच्या पाळ्या चिनी पारंपरिक वैद्यकातल्या आहेत. त्या मूळ यादीतला एक ‘अवयव’ शवविच्छेदनात दाखवताच येत नाही.

आता नोबेल. जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना ते मिळाले फळमाशीच्या पेशीतले घड्याळ उलगडल्याबद्दल. ‘पीरियड’ नावाच्या जनुकापासून प्रथिन बनते, पेशीत साठते, पुरेसे साठले की आपल्याच जनुकाला थांबवते. मग प्रथिन मोडत जाते आणि जनुक पुन्हा सुरू होते. हा फेरा साधारण 24 तासांचा. असे घड्याळ आपल्या यकृतातही आहे, हे खरेच. पण ते अहोरात्र चालते. रात्री एकला हजेरी लावून तीनला सुटत नाही. शिवाय ते जेवणावर फिरते. उंदीर निशाचर. त्यांना फक्त दिवसा खायला दिले, तर काही दिवसांत यकृताचे घड्याळ उलटते, मेंदूतले मुख्य घड्याळ मात्र उजेडालाच धरून राहते. हे प्रयोग 2000 च्या सुमाराचे आहेत. मग 1 ते 3 ही वेळ नेमकी कुणाच्या जेवणावरून ठरवली?

तिसरा दावा मला सगळ्यात आवडतो, कारण त्याचे उत्तर एका भारतीय माणसाच्या आयुष्यभराच्या कामात आहे, आणि फॉरवर्ड करणाऱ्यांनी त्यांचे नावही ऐकलेले नसते. एम. के. चंद्रशेखरन, सजीवांच्या आतल्या घड्याळाचे अभ्यासक. जर्मनीत ट्यूबिंगेनला याच विषयातल्या एर्विन ब्युनिंग यांच्याकडे फळमाश्यांवर काम करून ते परतले आणि मदुराई कामराज विद्यापीठात वटवाघळांमागे लागले. बारापेडेच्या गुहांमुळे आपल्या खानापूर तालुक्याला वटवाघळांचे अप्रूप नाही. मदुराईजवळच्या गुहांत नाकावर पानासारखी घडी असलेली छोटी कीटकभक्षी वटवाघळे होती. चंद्रशेखरन, मारिमुथ्थू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुहेच्या आत, जिथे उजेडच पोचत नाही, तिथे एक वटवाघूळ पिंजऱ्यात ठेवले. आजूबाजूची वसाहत तिन्हीसांजेला बाहेर पडायची, पहाटे परतायची. कैदेतले वटवाघूळ सूर्य न पाहताही त्यांच्याच वेळेला फडफडू लागायचे. तेच एकट्याला रिकाम्या गुहेत ठेवले, की त्याचा दिवस 24 तासांहून किंचित वेगळा व्हायचा आणि वेळ रोज थोडी सरकत जायची. गंमत म्हणजे दुसऱ्या जातीच्या वटवाघळाला या वसाहतीच्या ये-जेचा काहीच उपयोग झाला नाही. सोबत आपल्यातल्यांचीच लागते!

म्हणजे प्राणी वेळापत्रक पाळत नाहीत. लय आतली असते, जुळवणी बाहेरच्या खुणांवर: कुठे उजेड, कुठे सोबत, कुठे खाणे. आतली लय किती चिवट, ते दाखवणेही चंद्रशेखरन यांच्याच वाट्याला आले. पुढे ते बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात गेले. तिथल्या शीबा, विजयकुमार शर्मा, अमिताभ जोशी यांच्यासोबत 1999 मध्ये त्यांनी दाखवले, की 600 पिढ्या अखंड उजेडात वाढलेल्या फळमाश्यांमध्येही कोशातून बाहेर पडण्याची लय शाबूत होती.

आता ते ‘पहाटे 3 ते 5’ कुठल्या गावचे, तेही पाहू. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, बेळगाव साधारण 74.5 वर. एका अंशाला चार मिनिटे धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे 32 मिनिटे मागे. कोलकात्याचा तर सुमारे 24 मिनिटे पुढे. एकाच घड्याळात तीन वाजले असताना बेळगावचे यकृत अजून पाळीवर आणि कोलकात्याचे कधीच घरी, असे मानायचे काय?

वेळेवर झोपा, रात्री उशिरा जेवू नका, इतपत सांगितले असते तर भांडण नव्हते. पण हा मजकूर रात्रीच्या थ्री-फेजवर पंप चालू करायला उठणाऱ्याला आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्याला उगाच घाबरवतो. रात्रपाळीचा धोका खरा आहे; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2007 मध्येच तिला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातले. तो इशारा वर्षानुवर्षे केलेल्या पाळ्यांबद्दल आहे, 1 ते 3 मध्ये एकदा जाग आल्याबद्दल नाही.