साडेतीन एमएल

निफाडचा पारा खाली गेला की आमच्या ठकूचा वर जातो. हे दरवर्षीचं आहे. म्हणजे तिचं वय सव्वादोन असल्यामुळे दरवर्षी म्हणजे तीनच हिवाळे झालेत, पण तिन्ही हिवाळ्यांचं रेकॉर्ड शंभर टक्के आहे. पेपरात द्राक्षबागेत शेकोटी पेटवल्याचा फोटो आला रे आला की बायको कपाटातून थर्मामीटर काढते आणि सेल चालू आहे का बघून ठेवते.

यंदा बुधवारी रात्री दोन वाजता १०२. नाशकात इंदिरानगरसारख्या ठिकाणी रात्री दोनला एवढी शांतता असते की शेजारच्यांचा फ्रीज सुद्धा ऐकू येतो, त्यामुळे त्यानंतर आमच्याकडे जे काही झालं ते अख्ख्या सोसायटीने ऐकलं असणार. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये खालच्या काकू "काल काय हो, पाहुणे आले होते का" असं म्हणाल्या ते उगीच नाही.

घरात पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या निघाल्या. एकीवर १२५, दुसरीवर २५०. रंग सारखा, झाकण सारखं, चित्रातलं बाळ पण तेच हसणारं. आता यात गोम अशी आहे की दोन्ही आकडे पाच एमएलमागे किती मिलिग्रॅम याचेच असतात, म्हणजे एकीत औषध दुप्पट. म्हणजे "गेल्यावेळी किती दिलं होतं गं?" "साडेतीन" या संवादाला काडीचाही अर्थ नाही, कुठल्या बाटलीतलं साडेतीन ते महत्त्वाचं. डॉक्टरांनी मागेच समजावलं होतं की वजनावर हिशोब असतो, किलोला साधारण १५ मिलिग्रॅम, ठकू १२ किलो, म्हणजे १८० च्या आसपास, म्हणजे २५० वाल्या बाटलीतलं साडेतीन एमएल. आणि दोन डोसांमध्ये निदान चार-सहा तास. मी अंबडला एमआयडीसीत क्वालिटीत आहे, दिवसभर मायक्रॉनमध्ये मापं घेतो, मला हे गणित एकदम आवडलं. नेमकं, स्वच्छ. फक्त जॉब, म्हणजे ज्याचं माप घ्यायचं तो पार्ट, हलत नसला पाहिजे.

आमचा जॉब हलतो. चावतो पण.

पहिला प्रयत्न चमच्याने केला. चूक. एक तर घरातले चमचे म्हणजे कुणी लग्नात दिलेले, कुणी स्कीममध्ये आलेले, एकाचं माप दुसऱ्याला लागू नाही. आणि दुसरं म्हणजे चमचा दिसला की तिला कळतं. झोपेत होती पोरगी, डोळे मिटलेले, अंग नुसतं फणफणतंय, आणि चमचा ओठाला लागायच्या आत ओठ असे बंद झाले की रात्रीच्या मेन रोडची शटरं बरी. आईने टाळ्या वाजवल्या, बायकोने चिऊ-काऊ सांगितलं, मी "आऽऽ" करून माझंच तोंड एवढं मोठं उघडलं की जबडा कट्कन वाजला. तिने एक डोळा किलकिला करून माझ्या तोंडात बघितलं आणि परत मिटला.

आई म्हणाली, नाक धर. पूर्वी सगळ्यांची नाकं धरूनच औषधं पाजलेली आहेत, तुझं पण. बायको म्हणाली, अजिबात नाही. आणि इथे डॉक्टर बायकोच्या बाजूने आहेत. नाक दाबून किंवा रडताना ओतलं की ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, मग ताप परवडला. आईचं यावर म्हणणं असं की तुम्ही कुठे मेलात. या युक्तिवादाला उत्तर नसतं, कारण जे आहेत ते समोर उभे आहेत.

मग सिरिंज. सुई नसलेली, पाच एमएलची. माणूस याच्यासाठी किती तयारी करतो बघा, मी बाटली हलवली, मोबाईलच्या टॉर्चमध्ये सिरिंज डोळ्यासमोर धरली, बुडबुडा टिचकी मारून वर घालवला, बरोबर साडेतीनच्या रेघेवर. बेडवर चारी बाजूंनी उशा लावल्या. २०१५ च्या सिंहस्थात पोलिसांनी रामकुंडाकडे जेवढं बॅरिकेडिंग केलं होतं तेवढं आम्ही डबलबेडवर केलं, आणि भाविक तरीही निसटला. धरून आणलं. अर्धवट बसवून, गाल आणि हिरडीच्या मधे सिरिंजचं टोक सरकवलं, मागे घशात पिचकारी मारायची नाही, थोडं थोडं सोडायचं, ती गिळते का बघायचं, मग पुढचं. गेलं! सगळं गेलं. रिकामी सिरिंज मी अशी वर धरली जशी काही ट्रॉफी.

ठकू शांत बसली होती. फारच शांत. एक गाल थोडा फुगलेला, तंबाखूचा बार भरल्यासारखा. आम्ही तिघं तिच्याकडे बघतोय, ती आमच्याकडे बघतेय. बायको हळूच म्हणाली, अरे तिने गिळलंच नाहीये. मी म्हटलं, गिळ ना गं सोन्या. पाच मिनिटं गेली. मग तिने दोन्ही हात माझ्याकडे पसरले, "बाबा पापी" म्हणाली. आता बाप म्हटल्यावर विरघळणार की नाही, मी गाल पुढे केला आणि गालावर, कानात, बनियनवर, सगळीकडे गुलाबी, चिकट, गोड वासाचं साडेतीन एमएल.

तिघंही क्वालिटीवाल्याकडे बघायला लागले. किती बाहेर आलं? किती आत गेलं? परत द्यायचं का? मी बनियनवरचा डाग बघून अंदाज बांधायला लागलो, खरंच, त्या क्षणी मला वाटलं व्हर्निअर आणावा. शेवटी डॉक्टरांना फोन केला. ते देवमाणूस आहेत, झोपेतसुद्धा त्यांनी आधी विचारलं "कुठल्या बाटलीतलं?" आणि मग सांगितलं की तसंच्या तसं बाहेर आलंय तर परत द्या, पोटात जाऊन अर्ध्या तासाने उलटी झाली असती तर देऊ नका म्हटलं असतं.

आता या सगळ्या वेळात अप्पा, म्हणजे माझे वडील, दारात उभे राहून शाल गुंडाळून कॉमेंटरी करत होते. "एवढीशी पोर आणि तीन-तीन माणसं." "आमच्या वेळी नव्हती असली नाटकं." "औषध म्हणजे औषध, तोंड वाकडं न करता घ्यायचं, संपलं." हे वाक्य नीट लक्षात ठेवा.

सकाळी कॉलेज रोडला दाखवून आणलं. कानात बॅटरी मारून डॉक्टर म्हणाले, कान चांगलाच लाल आहे, म्हणून या वेळी अँटिबायोटिक, पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ, आणि मधेच बरी वाटली म्हणून बंद करायचं नाही. म्हणजे दहा डोस. मी मनात दहा गुणिले काल रात्र केलं आणि माझेच कान लाल झाले. बायकोने कफ सिरपचं विचारलं, कारण मावशींनी त्यांच्या नातवाचं उरलेलं आणून दिलं होतं, प्रेमाने, डबा भरून चकली देतात तसं. डॉक्टरांनी ते बाजूलाच ठेवलं. सर्दीच्या सिरपमधल्या दोन औषधांच्या त्या नेहमीच्या कॉम्बिनेशनवर चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं छापायला डिसेंबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनीच लावलंय म्हणाले. आणि निघताना, "चॉकलेट आहे म्हणून देऊ नका हं. उद्या ती स्वतः स्टूल लावून चॉकलेट शोधेल."

आईचा मात्र या सगळ्या बाटल्यांवर विश्वास नाही. तिची बाळगुटीची पिशवी अजून आहे, त्यात वेखंड, मुरडशेंग, हिरडा, जायफळ, सुंठ, आणि काळपट पडलेली एक वाटोळी सहाण. ठकू लहान असताना रोज सकाळी उगाळायची, एका कांडीचे दोन वेढे, दुसरीचे तीन, आणि मग बोंडल्याने पाजायची. "तेव्हा थुंकली का कधी?" असं विचारते. नव्हती थुंकत, खरंय. पण तेव्हा तिला दात नव्हते आणि मत पण नव्हतं.

तर अँटिबायोटिक. बाटलीत नुसती पावडर, त्यात उकळून गार केलेलं पाणी बाणाच्या खुणेपर्यंत भरायचं, हलवायचं, फेस बसला की परत खुणेपर्यंत, आणि मग फ्रीजमध्ये. खोक्यावर स्ट्रॉबेरीचं चित्र. मी एक थेंब चाखला. आधी स्ट्रॉबेरी येते, नमस्कार करते आणि निघून जाते, मग जे मागे राहतं ते म्हणजे ओल्या भिंतीला जीभ लावावी तसं. ठकूने पहिल्याच थेंबाला त्याचं नाव "थू" ठेवलं. दुधात मिसळून बघितलं, तर तिने दूध अर्धं पिऊन सोडलं आणि आता औषध कुठल्या अर्ध्यात गेलं हे कोण सांगणार. म्हणून ते पण बाद.

शुक्रवारी सकाळचा डोस. तिने माझ्या हातातून सिरिंज हिसकावली आणि सरळ दिवाणाखाली फेकली. मी जमिनीवर आडवा, मोबाईलची टॉर्च, हातात झाडू. झाडूने ओढलं तर आधी एक मोजा आला, मग चिवड्यातले शेंगदाणे, मग सिरिंज, आणि सिरिंजच्या मागोमाग छोट्या पांढऱ्या गोळ्या. एक. दोन. पाच. आईने खाली बसून मोजल्या, अकरा. मधे रेघ असलेल्या, बीपीच्या. दिवाणाच्या बरोबर त्या टोकाला अप्पा रोज सकाळी पेपर वाचत बसतात.

खोलीत अशी शांतता झाली की शेजारच्यांचा फ्रीज परत ऐकू आला.

अप्पांनी पेपर तोंडासमोर आणला. आई म्हणाली, "खाली करा तो." अप्पा म्हणाले त्या गोळीने पाय सुजतात. आई म्हणाली मग डॉक्टरला सांगायचं होतं, दिवाणाला कशाला चारल्या, रोज माझ्यासमोर पाणी पिऊन "घेतली" म्हणता. अप्पा म्हणाले आज राहू दे, उद्यापासून. आईने पाकिटातून नवीन गोळी काढली, तांब्या पुढे केला आणि ज्या आवाजात गेले दोन दिवस ठकूशी बोलत होती त्याच आवाजात म्हणाली, "आ करा."

अप्पांनी आ केला. गोळी गेली. "जीभ वर करा." अप्पांनी जीभ वर केली. सत्तरी ओलांडलेला माणूस, रिटायर्ड हेडमास्तर, नजरेने वर्ग गार करायचे म्हणतात.

आणि माझ्या मांडीवरून आवाज आला, "आऽऽ". ठकू. एवढं मोठं तोंड, नजर अप्पांवर, मागचे दोन दात अर्धवट आलेले ते पण दिसले. बायकोने एक सेकंद वाया घालवला नाही. गालाच्या आत, थोडं थोडं, गिळलं, परत थोडं, गिळलं. ठकूने जीभ वर करून आजीला दाखवली आणि टाळ्या वाजवल्या, अप्पांसाठी.

अप्पांच्या डॉक्टरांनी त्यांची गोळी बदलून दिली, पाय आता ठीक आहेत, तो विषय मिटला. पण अडचण अशी झाली की अप्पांची गोळी दिवसातून एकदा आणि ठकूचं औषध दोनदा. संध्याकाळी अप्पांनी आ केल्याशिवाय ती आ करेना. रिकामा आ चालत नाही, तिने बघितलं, तोंडात काही नव्हतं, "आजोबा खोतं" म्हणाली. मग आईने गुळवेलीचा काढा केला. कडूजहर, हिरवट, अर्धी वाटी. अप्पा तोंड वाकडं करतात, ठकू त्यांच्या तोंडाकडे एकटक बघते, मग स्वतःचं उघडते.

रविवारी संध्याकाळी मी फ्रीज उघडला तर अप्पा आधीच तिथे उभे होते, बाटली उजेडात धरून, तळाशी किती उरलंय ते बघत. "अजून किती डोस रे?" मी म्हटलं, तीन. त्यांनी बाटली परत ठेवली आणि काढ्याच्या पातेल्यावरचं झाकण उचलून आत बघितलं.